बी पेशी ‘टेस्ट’ पास कशी होते? एका सिग्नलची गोष्ट

एरवी मी इथे ॲप्स आणि प्रोसेसरबद्दल लिहितो. आज विषय वेगळा आहे. माझ्या मावसबहिणीच्या तीन वर्षांच्या मुलाला सारखा न्यूमोनिया व्हायचा, कान फुटायचा. शेवटी रिपोर्टमध्ये एक नाव आलं: बीटीके. ताईने विचारलं, “हे काय असतं रे?” मला सांगता येईना. मग वाचत बसलो.

अँटीबॉडी बनवण्याचं काम बी पेशींचं. त्या हाडांच्या मगजात तयार होतात. प्रत्येक पेशी जीन्सचे तुकडे हवे तसे जोडून स्वतःचा रिसेप्टर बनवते. हे शोधणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांना 1987 मध्ये नोबेल मिळालं. पण जोडणी रँडम असल्याने बरेच प्रयत्न फसतात. म्हणून शरीर टेस्टिंग करतं.

पहिली टेस्ट: रिसेप्टरचा अर्धा भाग, म्हणजे हेवी चेन, तयार झाली की तो तात्पुरत्या जोडीदारासोबत पेशीच्या पृष्ठभागावर येतो आणि आत सिग्नल पाठवतो. सिग्नल पोचला तर पेशी वाढते, पुढचा भाग बनवते. नाही पोचला तर मरते.

दुसरी टेस्ट: पूर्ण रिसेप्टर आपल्याच शरीराला घट्ट चिकटला, तर सिग्नल फार जोराचा येतो. अशा पेशीला रिसेप्टर बदलायची संधी मिळते, नाहीतर ती बाद.

म्हणजे सिग्नल शून्य नको आणि अतीही नको.

बीटीके हे प्रोटीन हा सिग्नल पुढे नेतं. ते बिघडलं की बहुतेक पेशी पहिल्याच टेस्टला अडकतात आणि अँटीबॉडी जवळपास बनतच नाहीत. 1952 मध्ये अमेरिकन डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या मुलात हा आजार ओळखला. त्यामागचा जीन 1993 मध्ये सापडला. बीटीकेमधला ‘बी’ त्यांच्याच नावाचा.

गंमत बघा, काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये बी पेशी हाच सिग्नल वापरून वाढत राहतात. तिथे इब्रुटिनिब हे औषध बीटीकेला मुद्दाम अडवतं. अमेरिकेत त्याला 2013 मध्ये मंजुरी मिळाली.

भाच्याला आता नियमित इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे इतरांच्या रक्तातून घेतलेल्या अँटीबॉडीज देतात. हे आयुष्यभर चालेल, पण तो खेळतोय.

हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. मुलांकडे एक्स एकच, त्यामुळे आजार बहुतेक मुलांनाच होतो. आईकडे दुसरी चांगली कॉपी असते, म्हणून तिला काही जाणवत नाही. कधी कधी बदल मुलातच नव्याने होतो. “माझ्यामुळे झालं का?” असं ताईने विचारलं, तेव्हा मी तिला हेच सांगितलं. कोडमधला बग कुणीतरी लिहिलेला असतो. हा कुणीच लिहिलेला नाही.

तुमच्या ओळखीत एखाद्या बाळाला गंभीर इन्फेक्शन वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना इम्युनोग्लोब्युलिनच्या रक्ततपासणीबद्दल जरूर विचारा.