एकास बहात्तर : मिग-२१ ची जुनी प्रतिकृती तपासताना

वाशीम, रिसोड, कारंजा किंवा मानोरा येथे राहणाऱ्याला लढाऊ विमान हात लावून पाहण्याची संधी सहसा मिळत नाही. फार उंचावरून गेलेल्या विमानाची पांढरी रेघ आकाशात दिसते, एवढेच. म्हणून एखाद्याच्या घरी जुन्या कपाटात प्लॅस्टिकच्या विमानाचा संच पडून असेल तर तो टाकून देऊ नका. समजा, पेटीवर ‘मिग-२१’ असे नाव आहे आणि प्रमाण १:७२ दिले आहे. सूचनापत्रकाप्रमाणे भाग चिकटवत गेले की विमान तयार होते. पण ते खरोखर मिग-२१ सारखे होते का? चिकटद्रवाची बाटली उघडण्यापूर्वीच हा प्रश्न विचारायला हवा, कारण एकदा चिकटलेले धड पुन्हा उघडत नाही.

मिग-२१ हे महाराष्ट्राला परके विमान नाही. भारतीय वायुदलात ते १९६३ मध्ये दाखल झाले. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिकजवळील ओझर येथील कारखान्यात ते बनू लागले. धड व पंख ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला, अशी कामाची विभागणी होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगड येथे हे विमान सेवेतून निवृत्त झाले. आता ते पाहायचे तर दिल्लीच्या पालम येथील वायुदल संग्रहालयासारख्या ठिकाणी जावे लागते, नाहीतर टेबलावरच्या प्रतिकृतीवर समाधान मानावे लागते. तेव्हा प्रतिकृती बरोबर असणे अधिकच महत्त्वाचे.

जुन्या संचांत चुका का राहिल्या? मिग-२१ हे सोव्हिएत संघाचे गुपित होते. १९५६ साली मॉस्कोजवळ तुशिनो येथील हवाई प्रदर्शनात दोन प्रकारची प्रायोगिक विमाने उडाली : काहींचे पंख त्रिकोणी, तर काहींचे नुसते मागे झुकलेले. यांपैकी खरे मिग-२१ कोणते, याविषयी पाश्चात्त्य जाणकारांचा काही वर्षे गोंधळ होता. १९६६ मध्ये एक इराकी वैमानिक आपले मिग-२१ घेऊन इस्राएलमध्ये उतरला, तेव्हा त्यांना ते जवळून तपासता आले. त्याआधी साचे बनवणाऱ्यांच्या हाती मुख्यतः छायाचित्रेच होती. छायाचित्रात कॅमेऱ्याजवळचा पंख मोठा आणि पलीकडचा लहान दिसतो. तुम्हीही छायाचित्रावरून मापे घेणार असाल तर दुरून, अगदी बाजूने घेतलेले चित्र निवडा.

आता तपासणीला लागू. १:७२ म्हणजे विमानावरचे ७२ सेंटिमीटर प्रतिकृतीवर १ सेंटिमीटर. मिग-२१ चा पंखविस्तार, म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर, ७.१५४ मीटर आहे. त्याला ७२ ने भागले की ९९.४ मिलिमीटर येतात. क्षेत्रफळ मात्र ७२ ने नव्हे, ७२ च्या वर्गाने म्हणजे ५,१८४ ने भागायचे. पंखांचे क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. आलेख कागदावर ते सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरले पाहिजे. (पंखांच्या कडा धडाच्या मध्यरेषेपर्यंत वाढवून मोजा; दिलेल्या आकड्यात धडाखाली झाकलेला भागही धरलेला असतो.) वजन घनफळाप्रमाणे, म्हणजे ३,७३,२४८ ने घटते. साडेपाच टनांचे रिकामे विमान या हिशेबाने १५ ग्रॅमचेच व्हायला हवे! तुमचे किती भरते ते तराजूवर पाहा.

एक गोष्ट मात्र कितीही लहान केली तरी बदलत नाही : कोन. म्हणून माझ्या मते पट्टीच्याही आधी कंपासपेटीतले कोनमापक काढावे. मिग-२१ च्या पंखाची पुढची कड ५७ अंशांनी मागे झुकलेली असते. हा कोन धडाला काटकोनात काढलेल्या रेषेपासून मोजतात. खुद्द धडाशी तो ३३ अंश भरेल.

समजा, कोन बरोबर आहे, पण पंखविस्तार १०३ मिलिमीटर भरला. म्हणजे ३.६ मिलिमीटर जास्त. खऱ्या विमानावर ही चूक सुमारे २६ सेंटिमीटरची! प्रत्येक पंखातून १.८ मिलिमीटर काढायचे, पण कुठून? टोकाकडून की धडाकडून? येथे दहावीची त्रिकोणमिती उपयोगी पडते. या पंखाची मागची कड जवळजवळ सरळ असल्यामुळे टोकाकडे १ मिलिमीटर गेले की रुंदी ‘टॅन ५७°’ म्हणजे १.५४ मिलिमीटरने कमी होते. खऱ्या पंखाची टोकाशी रुंदी सुमारे ४६ सेंटिमीटर, म्हणून प्रतिकृतीवर ती ६.४ मिलिमीटर हवी. तुमच्या पंखाचे टोक अवघे ३.६ मिलिमीटर रुंद असेल तर पंख टोकाकडेच वाढला आहे, तेथे घासा. टोक ६.४ चेच असेल तर जादा भाग धडाकडे आहे, तेथे कापा. न मोजता कानस चालवणारा हमखास टोकच घासतो, आणि विस्तार बरोबर येऊनही पंखाचा आकार बिघडतो.

काही वेळा चूक प्लॅस्टिकमध्ये नसतेच. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या नकाशात वाशीम अकोला जिल्ह्यात दिसते. तो नकाशा खोटा नाही, त्याच्या काळापुरता खराच आहे. संचाचेही तसेच. मिग-२१ चे सुरुवातीचे एक रूप, एफ-१३, सडपातळ नाकाचे होते. त्याचे उभे शेपूट अरुंद आणि हवेचा वेग मोजणारी लांब नळी नाकाच्या खाली. ओझरला बनलेल्या एफएल प्रकारात रडार बसवण्यासाठी नाक मोठे झाले, शेपूट रुंदावले आणि नळी नाकाच्या वर गेली. पुढच्या ‘बिस’ प्रकाराची पाठही फुगीर आहे. तेव्हा एफ-१३ च्या धडावर ओझरच्या विमानाची चिन्हे चिकटवली तर ते मिश्रण कुठल्याच वर्षी उडालेले नसते. नाक बदलणे फार कठीण काम आहे. शाळेतल्या मुलाने त्याच्या मागे लागू नये असे मला वाटते. भारताला आरंभी मिळालेल्या विमानांत एफ-१३ होतीच. त्यांपैकी एखाद्याचे छायाचित्र शोधून तशी चिन्हे द्या. प्लॅस्टिक तेच राहते, नाव सुधारते.

हे संच पॉलिस्टायरिनचे असतात. त्यांचा चिकटद्रव डिंकासारखा काम करत नाही. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही बाजूंच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रव उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. म्हणून आधी साच्याचे तेल साबणाने धुवा. खिडकी उघडी ठेवा. वाफ हुंगू नका. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण मात्र सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाने बसवा, नाहीतर वाफेने ते धुरकटते. भाग ज्या दांड्यांना जोडलेले येतात त्यांचे तुकडे चिकटद्रवात विरघळवले की फटी भरायला त्याच प्लॅस्टिकची लुकण मिळते. ती सुकताना आकसते, म्हणून चार दिवस थांबून मगच पॉलिश पेपर लावा.

राहिली नाकावरची नळी. संचातली नळी बहुधा मिलिमीटरभर जाड असते. ७२ ने गुणा, म्हणजे ती किती बेढब आहे ते कळेल. ती कापून तेथे शिवणकामाची बारीक सुई बसवा. बसवण्यापूर्वी तिचे टोक कानशीने बोथट करा.