भोपळ्याचा गर फ्रीझरमध्ये जाण्याआधी
साठवणीचं शास्त्र : लेखांक ९

अख्ख्या भोपळ्याला फ्रिज लागत नाही. देठासकट उतरवलेला, सालीवर कुठे ओरखडा नसलेला लाल भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज राहतो. जुन्या घरांतून तो माळ्यावर किंवा शिंक्यात ठेवायचे ते म्हणूनच. खरी अडचण सुरी लावल्यावर सुरू होते. चार किलोचं फळ आणि घरात माणसं तीन. पितृपक्षातल्या भाजीला एक फाक लागते, फार तर सांबाराला दुसरी. उरलेला भोपळा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पडून राहिला, तर काही दिवसांतच बियांकडची बाजू बुळबुळीत होते आणि तिथूनच बुरशी धरते. या उरलेल्या भोपळ्याचा गर करून गोठवला, तर थंडीतल्या घारग्यांनाही तो चांगला लागतो. मात्र गोठवण्याचं बरंचसं काम फ्रीझरच्या बाहेर, शेगडीपाशी होतं.

कारण आहे पाणी. भोपळ्याच्या १०० ग्रॅम गरात ९० ग्रॅमहून जास्त पाणीच असतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, बर्फाचे टोकदार स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. वितळल्यावर त्या पेशींना पाणी धरून ठेवता येत नाही. गर एकीकडे आणि पिवळट पाणी दुसरीकडे होतं. कच्च्या फोडी तशाच गोठवल्या, तर त्या नंतर लिबलिबीत होतात. शिवाय कच्च्या भोपळ्यातली विकरं थंडीत मंदावतात, पण मरत नाहीत. रंग आणि चव ती हळूहळू बिघडवत राहतात. शिजवल्यावर ती निकामी होतात. म्हणून भोपळा आधी शिजवायचा आणि मगच गोठवायचा.

शिजवताना त्याला आणखी पाणी पाजू नका. बिया आणि आतल्या दोऱ्या काढा, साल राहू द्या. मोठ्या फोडी कुकरच्या डब्यात पाण्याचा थेंबही न घालता ठेवा आणि दोन शिट्ट्या काढा. ओव्हन असेल तर फोडी भाजून घेणं त्याहून उत्तम, कारण तिथे पाणी उडून जातं आणि गोडी एकवटते. मऊ झालेल्या फोडींचा गर चमच्याने सालीपासून सहज सुटतो. तो पुरणयंत्रातून काढला तर दोरे वर राहतात, मिक्सरमधून काढला तर तेही वाटले जातात. मला पुरणयंत्राचा गर जास्त आवडतो.

यानंतरची पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. हा गर ओल्या पंचात घालून चाळणीवर अर्धा तास ठेवा. खाली वाटीभर केशरी पाणी सहज जमतं. ते कणीक भिजवायला किंवा आमटीत वापरा. पंचातला गर चमच्यावर घेतला की तो ढिगासारखा उभा राहिला पाहिजे. कडेने पाणी ओघळत असेल, तर कढईत मंद आचेवर आटवा. घारग्यांत याचा फरक लगेच कळतो. घारग्यांना पीठ मापून घालत नाहीत, गरात मावेल तेवढं घालतात. गर पातळ असेल तर पीठ जास्त मावतं, गूळ त्या मानाने कमी पडतो आणि घारगे चिवट, फिके होतात. ‘गोठवलेल्या भोपळ्याला चव नसते’ अशी तक्रार ऐकू येते, त्यामागे बहुतेक वेळा हे न काढलेलं पाणीच असतं.

गूळ, मीठ, वेलची काही आत्ता घालू नका. साधा गर घारग्यांना चालतो, तसाच थालीपिठालाही आणि बाळाच्या खाण्यालाही.

गर गरम असताना फ्रीझरमध्ये ठेवू नये आणि दोन तासांहून जास्त वेळ बाहेरही ठेवू नये. परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवला की लवकर निवतो. मग एका वेळेला लागेल तेवढाच, म्हणजे एक किंवा दोन वाट्या, पिशवीत भरा. हवा दाबून बाहेर काढा आणि पिशवी चपटी करा. पातळ थर लवकर गोठतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. डबा वापरलात तर वर बोटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर फुगलेला गर झाकण उचलतो. बाळासाठी बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या पाडा आणि त्या गोठल्या की पिशवीत काढा. पिशवीवर तारीख आणि माप लिहायला विसरू नका.

किती दिवस टिकेल, हे तुमच्या फ्रीझरवर ठरतं. उणे १८ अंशांवर तो आठ ते दहा महिने चांगला राहतो. पण एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बऱ्याचदा एवढा थंड नसतो. काही फ्रीझरवर चांदणीची खूण असते: एक म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. वीजबचतीचे तारे वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही. एका चांदणीच्या कप्प्यात आठवडाभर, दोन चांदण्यांच्या कप्प्यात महिनाभर, एवढाच हिशेब धरा. वीज गेली तर दार उघडू नका. परत आल्यावर गरात बर्फाचे कण शिल्लक असतील, तर तो पुन्हा गोठवता येतो. पूर्ण वितळून कोमट झालेला गर मात्र टाकून द्यावा.

वापरायच्या आदल्या रात्री पिशवी खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर गोठलेला गर थेट कढईत घाला. एकदा वितळलेला गर तीन दिवसांत संपवा.

अमेरिकेतल्या मराठी घरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. हॅलोविनला दारात ठेवतात तो मोठा केशरी भोपळा कोरण्यासाठी असतो. तो पाणचट आणि दोरेदार निघतो. तिथे टिनमध्ये मिळणारा गर बराचसा डिकिन्सन जातीच्या फिकट सालीच्या भोपळ्याचा असतो. आपल्या बाजारातला लाल भोपळा आणि बटरनट हे दोन्ही त्याच प्रजातीतले. म्हणून घारग्यांना बटरनट किंवा टिनमधला साधा गर घ्यावा. टिन उघडल्यावर उरलेला गर डब्यात काढून गोठवता येतो.

टिन पाहून पुष्कळांना वाटतं की असाच गर घरी बाटलीत भरून फळीवर ठेवावा. हे कृपा करून करू नका. भोपळ्यात आम्लता कमी असते. आम्लतेच्या मोजपट्टीवर, म्हणजे पीएचवर, ४.६ च्या वर असलेला पदार्थ हवाबंद बाटलीत भरला की त्यात बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्यांना १२१ अंश लागतात. आपला कुकर जवळपास तेवढा तापतो, हे खरं. पण दाट गरात उष्णता फार सावकाश आत शिरते, बाटलीच्या मध्यापर्यंत ती कधी पोचली हे घरी कळत नाही. कारखान्यात टिनच्या मध्याचं तापमान आणि वेळ मोजून ठरवलेली असते. अमेरिकेच्या कृषी खात्याची घरगुती बाटलीबंदीची सूचनाही भोपळ्याच्या फोडींपुरतीच आहे, गर भरायला ते खातं मनाई करतं. या विषाला वास नसतो, चव नसते आणि ते माणसाचा श्वास बंद पाडू शकतं.

घरात कुणी असा गर बाटलीत भरून बाहेर ठेवला असेल, तर तो चांगला दिसतो म्हणून चाखून पाहू नका. न उघडता बाटलीसकट टाकून द्या आणि पुढच्या भोपळ्याला फ्रीझरमध्ये जागा करा.