वाढविलेला वेग जातो कोठें?

घरच्या इंटरनेटचा वेग वाढवून घेतला म्हणजे घरांतील मंडळींच्या अपेक्षाहि त्याच प्रमाणांत वाढतात. दरमहा कांहीं शें रुपये अधिक मोजावयाचे, कंपनीच्या माणसानें येऊन नवी पेटी भिंतीवर बसवावयाची, ५० एमबीपीएसची जोडणी ३०० ची झाल्याचा संदेश मोबाईलवर यावयाचा. आणि त्याच संध्याकाळीं परदेशांतील मुलाशीं बोलतांना त्याचा चेहरा पूर्वीसारखाच अर्ध्या वाक्यावर गोठून राहावयाचा! अशा वेळीं कंपनीनें फसविलें, हा निष्कर्ष बहुतेक घरांत पांच मिनिटांत निघतो. तो कधीं कधीं खराहि असतो. परंतु पुष्कळदां वाढलेला वेग घराच्या दारापर्यंत बिनचूक आलेला असतो, आणि त्याची अडवणूक दाराच्या आंत झालेली असते.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं थोडें मागें पाहिलें पाहिजे. भारतांत सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें उपलब्ध करून दिलें. तें टेलिफोनच्या तारेवरून कुथत-कण्हत येत असे. २००४ सालच्या सरकारी धोरणानें सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ हें नांव दिलें. २०१३ सालीं ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्यें २ मेगाबिट. त्या काळीं सर्व वाटेंतील अरुंद जागा म्हणजे बाहेरून येणारी तार. घरांतील यंत्रें कितीहि साधीं असलीं तरी तीं त्या तारेला पुरून उरत. आतां काचेच्या तंतूवरून ३०० किंवा ५०० मेगाबिट घरांत येतात, आणि अरुंद जागा गुपचुप घराच्या आंत सरकली आहे. नगरपालिकेनें रस्त्यावरचा नळ रुंद केला तरी वाड्यांतील नळी अर्ध्या इंचाचीच राहिली, तर हंडा भरण्यास लागावयाचा तेवढाच वेळ लागतो.

तक्रार करण्यापूर्वीं एका घोटाळ्याचा निकाल लावून टाकावा. कंपनी वेग सांगते तो बिटांत. संगणकावर एखादी फाईल उतरवून घेतांना दिसतो तो बहुधा बाइटांत. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटांची जोडणी पूर्ण वेगानें चालली तरी पडद्यावर सेकंदाला १२॥ मेगाबाइटांच्या आसपासच आंकडा दिसावयाचा. एवढ्या एका भागाकारानें कित्येक भांडणें मिटतात.

खरी तपासणी तारेपासून सुरू करावी, वाय-फायपासून नव्हे. लॅपटॉपला लॅन-केबल लावून ती थेट कंपनीच्या नव्या पेटीला जोडावी, घरांतील इतर सर्व उपकरणें घटकाभर बंद ठेवावीं, आणि वेग मोजावा. एकदां मोजून भागत नाहीं. सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं ९ च्या सुमारास, असें निदान दोन दिवस मोजून आंकडे वहींत टिपून ठेवावे. आंकडा ३०० च्या जवळ आला, तर बाहेरची वाट निर्दोष आहे असें समजावें.

पण कित्येक घरांत या प्रयोगांत ९४ किंवा ९५ हा आंकडा येतो; पुन्हां मोजला तरी तोच, रात्रीं मोजला तरी तोच. हा आंकडा भेटला कीं चोर सांपडला म्हणून समजावें. १९९५ सालीं ठरलेल्या ‘फास्ट इथरनेट’ या पद्धतीची मर्यादा सेकंदाला १०० मेगाबिट एवढी आहे. त्यांतील थोडा भाग माहितीच्या पाकिटांवर नांव-पत्ता घालण्यांत खर्ची पडतो, आणि हातीं ९५ च्या आंतबाहेर उरतात. म्हणजे वाटेंत कोठें तरी १०० चें दार आहे. तें लॅपटॉपचें असेल, राउटरचें असेल, अथवा केबलचें असेल. केबलची गोष्ट मोठी गमतीची आहे. तिच्यांत तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात. १००० च्या वेगाला मात्र चारहि जोड्या शाबूत लागतात. दाराच्या फटींत चेंगरून किंवा उंदरानें कुरतडून एक तार तुटली, तर केबल बंद पडतेच असें नाहीं. पुष्कळदां दोन्हीं टोकांचीं यंत्रें आपसांत समजूत करून घेतात आणि मुकाट्यानें १०० वर उतरतात. पूर्णपणें मोडलेली वस्तु माणूस त्याच दिवशीं बदलतो. अर्धवट चालणारी वर्षानुवर्षें चालवून घेतो. ५० ची जोडणी होती तोंवर या केबलचें दुखणें कोणाच्या ध्यानींहि आलें नसतें.

दुसरा संशयित म्हणजे जुना राउटर. नवी पेटी बसविल्यावरहि तो पुष्कळ घरांत तिच्यामागें तसाच जोडलेला राहतो. कारण त्याचें नांव आणि परवलीचा शब्द सर्व मोबाईलांना पाठ असतो, आणि ते बदलण्याचा कंटाळा येतो. त्याचीं दारें बहुधा १०० चींच असतात. शिवाय कोणी एकेकाळीं, मुलांच्या खेळांनीं सर्व वेग गिळूं नये म्हणून, त्याच्या आंत ५० ची मर्यादा घालून ठेवलेली असूं शकते. घालणारा विसरतो; राउटर विसरत नाहीं. नव्या पेटींतच वाय-फाय असेल तर जुन्याला सरळ निवृत्त करावें. त्याच्यावांचून चालत नसेल, तर त्याच्या व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन ही मर्यादा आधीं शोधावी.

तारेवर पूर्ण वेग आणि हवेंत मात्र दुष्काळ, असें आढळलें म्हणजे वाय-फायकडे वळावें. उदाहरणादाखल दादरच्या एखाद्या जुन्या इमारतींतील कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. पेटी दिवाणखान्यांत दाराशेजारीं, आणि घरूनच नोकरी करणारी कन्या बसते मागच्या खोलींत. मध्यें दोन जाड भिंती आणि कपड्यांचें लोखंडी कपाट. कंपनीचा माणूस पेटीपाशीं उभा राहून आपल्या मोबाईलवर २८० दाखवितो आणि सही घेऊन जातो. मागच्या खोलींत ३५ येतात. कन्येची वरिष्ठांबरोबरची बैठक ऐन वेळीं तुटते, आणि नोकरी नवी असल्यानें प्रत्येक तुटलेली बैठक तिच्या खातीं मांडली जाते. वडील रागानें ५०० ची जोडणी घ्यावयास निघतात. येथें कोणीहि खोटें बोलत नाहीं. २८० खरे आणि ३५ हि खरे. परंतु ५०० घेतल्यानें मागच्या खोलींत ३५ चे ३६ सुद्धां होणार नाहींत.

वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांतून जातात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहर सुमारें १२॥ सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची ६ सेंटिमीटरांच्या आसपास. पहिली भिंतींतून बऱ्यापैकीं पार होते, पण तिचा रस्ता अरुंद आणि गजबजलेला. त्यांत एकमेकांस न अडविणाऱ्या वाटा तीनच : १, ६ आणि ११. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतींत या तीन वाटांवर किती गर्दी होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्यांत ब्लूटूथचीं उपकरणें आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्हची भट्टी हींहि त्याच पट्ट्यांत. दोन अँटेनांच्या साध्या यंत्रावर या पट्ट्यांत १४४ चा आंकडा दिसतो, पण हातीं त्याच्या निम्मेच पडतात. ५ गिगाहर्ट्झचा रस्ता प्रशस्त आहे, परंतु ती लहर भिंतीपुढें लवकर हार खाते. म्हणून पेटी ज्या खोलींत, तेथें ५ चा पट्टा निवडावा. ती घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागीं ठेवावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि माशांची कांचपेटी यांच्यामागें दडवूं नये. शोभा जाते खरी, पण कपाटांत कोंडलेल्या पेटीनें काय करावें?

लहर वाढविण्यासाठीं दुकानदार ‘रिपीटर’ पुढें करतो. स्वस्तांतला रिपीटर ज्या लहरीवर ऐकतो त्याच लहरीवर बोलतो. म्हणून त्याच्या पलीकडे वेग जवळजवळ निम्मा होतो. वरील कुटुंबाला खरा उपाय एकच : दिवाणखान्यांतून मागच्या खोलीपर्यंत एक चांगली केबल ओढून तेथें दुसरें वाय-फाय केंद्र बसविणें. तारेचें काम दिसावयास ओबडधोबड, पण निश्चित. त्याला लागणारा खर्च ५०० च्या जोडणीच्या वाढीव भाड्यांतून थोड्याच महिन्यांत निघून येतो.

आतां गोठलेल्या चेहऱ्याविषयीं. चित्रसंभाषणाला वेग फारसा लागतच नाहीं. कांहीं थोडे मेगाबिट पुरतात, आणि ते ५० च्या जोडणींतहि होतेच. त्याला हवी असते नियमितता. त्याच वेळीं कोणाचा मोबाईल दिवसभरांतील छायाचित्रें दूरच्या साठवणींत चढवीत असेल, तर घराबाहेर जाणारी वाट तुंबते, पेटींत पाकिटांची रांग लागते, आणि बोलण्याचीं पाकिटें त्या रांगेच्या शेवटीं उभीं राहतात. वेगाची चांचणी त्यानंतर घेतली तर आंकडा उत्तम येतो. कारण तोंवर रांग ओसरलेली असते. छायाचित्रांची साठवण रात्रीं उशिरां ठेवावी, एवढाच उपाय. याउपर चेहरा गोठला तर दोष मुलाच्या घरचा किंवा मधल्या समुद्राचाहि असूं शकतो. सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांतील केबली तुटल्या, तेव्हां भारतांतील वापरावरहि त्याचा परिणाम जाणवला; तेथें घरची पेटी बंद करून पुन्हां सुरू करण्यांत अर्थ नव्हता.

बाहेरचे दोष थोडे, पण ओळखण्याजोगे. काचेच्या तंतूच्या जीपॉन पद्धतींत सुमारें २॥ गिगाबिटांचा एकच प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वांटला जातो. दुपारीं ३०० आणि रात्रीं ९ वाजतां रोज ६०, असें वहींत दिसलें तर ती गर्दी कंपनीनें निवारावयाची आहे. वेग महिन्याच्या ठराविक दिवसानंतर एकदम खालीं बसत असेल, तर योजनेंतील डेटाची मर्यादा वाचावी. पेटीवरचा ‘लॉस’चा दिवा लाल झाला, तर तंतु तुटला, निसटला किंवा अति वांकला आहे. तो खिळ्याला गुंडाळूं नये, आणि त्याच्या उघड्या टोकांत डोळा लावून मुळींच पाहूं नये. आंतील प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं, पण असतो. पेटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ति उणे २७ डीबीएमच्या जवळ किंवा तिच्याहि खालीं आढळली, तर जोड सुधारून मागावा.

तक्रार तोंडी न करतां तिचा नोंदणी-क्रमांक घ्यावा. त्या क्रमांकावर दाद न लागल्यास कंपनीच्याच अपील-अधिकाऱ्याकडे जातां येतें. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाहीं. तक्रारींत ‘इंटरनेट फार सावकाश आहे’ एवढेंच लिहिलें तर उत्तर येतें कीं, आमच्याकडून सर्व ठीक आहे. त्याऐवजीं तारेवर मोजलेले आंकडे, तारीख आणि वेळ यांसह लिहावे. आणि वेग वाढवून देतों असें सांगून कोणी अनोळखी माणूस फोनवरून एखादें ॲप उतरवून घेण्यास सांगूं लागला अथवा ओटीपी मागूं लागला, तर फोन ठेवून द्यावा. तो कंपनीचा माणूस नव्हे.