रुग्णही तोच, शुश्रूषा करणाराही तोच

हाडांत उतरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर पहिला खरा उपाय १९४१ साली सापडला. वृषणे काढून पुरुषी संप्रेरक आटवले की गाठ आकसते आणि हाडांचे दुखणे उतरते, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले. १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. मुंबईचे टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयही १९४१चेच. बेळगावलगतचे विणकरांचे शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते, आणि त्या भागातला नावाजलेला दवाखाना म्हणजे मिरजेचा वॉन्लेस, १८९४पासूनचा.

पुढची चाळीसेक वर्षे शस्त्रक्रिया आणि स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या यांपलीकडे फारसे काही नव्हते. १९८५मध्ये अमेरिकेत पुरुषी संप्रेरक आटवणाऱ्या ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. पुढे शस्त्रक्रियेचे काम महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायच्या सुईवर आले. २००४मध्ये डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी आली, २०११मध्ये अबिराटेरोनच्या गोळ्या, २०१२मध्ये एन्झालुटामाइडच्या. अबिराटेरोन सुरुवातीपासूनच दिले तर आयुष्य वाढते, हे २०१७च्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसले. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्यांमुळे ते मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ आले. उपचार असे दवाखान्यातून घरात आले.

पण त्या घरात पत्नी आधीच अंथरुणाला खिळलेली असेल तर? शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत मुले पुण्या-बेंगळुरात आणि मागे दोघेच, हे चित्र आता नवे नाही. अबिराटेरोनच्या चार गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या आणि पुढे तासभर काही खायचे नाही. नेमक्या त्याच तासात पत्नीला कुशीवर वळवणे, तोंड धुऊन देणे, इन्सुलिन टोचणे, चहा पाजणे उरकायचे असते. डोसेटॅक्सेल दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून देतात. मधल्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरतात आणि ताप आला तर तातडीने भरती व्हावे लागते. त्या रात्री पत्नीजवळ कोण, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित धोका उचलण्याचा. संप्रेरक आटल्यावर स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. मणक्यात गाठ असेल तर माणूस उचलताना मणका खचू शकतो. पत्नीला एकट्याने उचलू नये; खाली आडवी चादर घालून दोघांनी सरकवावे. स्वतःच्या पायांतले बळ अचानक गेले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अशा घरासाठी १९४१ची जुनी शस्त्रक्रियाही कमी मोलाची नाही. ती एकदाच होते आणि इंजेक्शनच्या तारखा सांभाळाव्या लागत नाहीत. ती मागासलेली समजून बाजूला सारणे चूक आहे.

खर्चासाठी २०१८मध्ये आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड आले. २०२३मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातील ८६५ गावांना देऊ केली. कर्नाटकाने विरोध केला. जानेवारी २०२५मध्ये बेळगावातच केएलई संस्थेचे कर्करोग रुग्णालय सुरू झाले, त्यामुळे लांबचे हेलपाटे कमी होतील. पत्नीपाशी बसणाऱ्या बाईचा पगार मात्र आयुष्मानच्या कार्डात बसत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत पीएसए या रक्ततपासणीच्या कागदाबरोबर घरातल्या आजारपणाचीही माहिती डॉक्टरांना द्यावी; कोणता उपचार निवडायचा, हे त्यावरही ठरते.