डोंबिवली स्लो!

वसंत ऋतू आला की मुंबईच्या पेपरांना एकदम बहर येतो. कुठे गॅलरीत नवं प्रदर्शन, कुठे रूफटॉपवर मँगो मेन्यू, कुठे कॅफेत पॉटरी वर्कशॉप! आमच्या डोंबिवलीत मात्र वसंताची खबर वेगळ्या ठिकाणी लागते. पोळी-भाजी केंद्राबाहेरच्या फळ्यावर 'श्रीखंडाच्या ऑर्डरी घेणे सुरू' असं खडूने लिहिलेलं दिसलं, की समजायचं, चैत्र आला.

उरलेल्या महाराष्ट्राला आमचं गाव एका लोकलच्या नावाने माहीत आहे. 2005 मध्ये निशिकांत कामतचा 'डोंबिवली फास्ट' आला, संदीप कुलकर्णीने त्यात माधव आपटे असा काही उभा केला, की आजही ऑफिसात 'कुठे राहतेस?' या प्रश्नाला 'डोंबिवली' म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "फास्ट?" आणि पाठोपाठ ती दयार्द्र नजर! सीएसएमटीपासून साधारण 48 किलोमीटर. सकाळी अंधार फिटता फिटता घर सोडायचं, रात्री नऊच्या पुढे परत. माझ्यासारख्या हजारो पोरापोरींना आपलं गाव उजेडात दिसतं ते फक्त रविवारी, आणि तो रविवारही कपडे धुण्यात, झोप काढण्यात आणि मोबाइल चार्ज करण्यात जातो.

त्यामुळे दर वर्षी मार्च-एप्रिलला, अप्रेझलचं पत्र हातात पडलं की, आमच्या ग्रुपमध्ये एक विषय निघतोच. "चला, तिघी मिळून पवईला फ्लॅट घेऊ या भाड्याने. रोजचे तीन तास वाचतील." हिशोब अगदी बिनचूक असतो. पंचाईत एवढीच, की हा विषय नेमका चैत्रात निघतो. वर्षातल्या ज्या एका महिन्यात डोंबिवली सोडून जावंसं वाटत नाही, त्याच महिन्यात!

रांगोळीची नाइट शिफ्ट

पाडव्याच्या आदल्या रात्री फडके रोडला या. ऑफिसमधून थेट आलात, सॅक पाठीवर असली तरी चालेल. गणेश मंदिरात दिवे लागलेले असतात आणि बाहेर अप्पा दातार चौकाच्या आसपास रस्त्यावर माणसं ओणवी बसलेली असतात. संस्कार भारती पद्धतीची रांगोळी ही बघायची नाही, बनताना बघायची चीज आहे. आधी चाळणीने रंगाचा भलामोठा सपाट गालिचा पसरायचा, मग त्यावर मुठीतून, पाची बोटांतून पांढरी रांगोळी एका दमात सोडायची. दोरी आणि खडूने आखलेलं वर्तुळ, त्यात शंख, चक्र, कमळ, सर्परेषा. हात थांबला की रेघ जाड होते, म्हणून थांबायचं नाही.

एका वर्षी मी नुसती उभी होते, तर एका काकांनी वर न बघताच चाळणी पुढे केली. "उभी काय राहिलीयस? तो कोपरा भर. चप्पल काढून ये." मी म्हटलं, काका, मला येत नाही. "रंग पसरायला काय यायचंय? मैदा चाळतेस ना घरी?" मैदाही मी कधी चाळलेला नव्हता, पण तो मुद्दा वेगळा. बारा वाजेपर्यंत कंबर धरली होती आणि नखांत जांभळा रंग गेला होता. तो पुढचे तीन दिवस मीटिंगमध्ये दिसत होता. शेजारी बसलेल्या बाई रिटायर्ड शिक्षिका निघाल्या, पलीकडचा मुलगा माझ्याच रोजच्या गाडीचा. गेली दोन वर्षं आम्ही एकाच प्लॅटफॉर्मवर उभे राहत होतो, एकमेकांचे फक्त डबे पाहिले होते!

31 डिसेंबरला उत्तर

आता सगळीकडेच स्वागतयात्रा निघतात. ठाण्यात निघते, गिरगावात निघते, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुलींचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत येतात. पण ही कल्पना पहिल्यांदा रस्त्यावर उतरली ती डोंबिवलीत, 1999 मध्ये. श्री गणेश मंदिर संस्थानने ती उचलून धरली आणि आबासाहेब पटवारी यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. तरुण मुलं 31 डिसेंबरला एवढा जल्लोष करतात, मग आपल्या नववर्षाला घरात बसून श्रीखंड खाऊन झोपायचं का, असा तो साधा सवाल होता. (प्रामाणिकपणे सांगायचं तर श्रीखंड खाऊन झोपण्यात मला काहीही गैर वाटत नाही. ते दुपारी करता येतं.)

सकाळी पालखी निघते. मागे चित्ररथ, लेझीम, झांजा, भजनी मंडळं, शाळांची मुलं, सायकलवाले, डॉक्टरांचा एखादा ग्रुप, पाणी वाचवा-प्लॅस्टिक टाळाचे फलक. आणि दोन्ही बाजूंना डोंबिवली! फडके रोडवर तरुणाई वर्षातून दोनदा अशी ओसंडते: एकदा दिवाळीच्या पहिल्या पहाटे आणि एकदा पाडव्याला. कोण कुठला कुर्ता घालून आलंय, कोणाची कोणाशी ओळख झालीय, कोण पुण्याहून खास आलंय, सगळा हिशोब त्या रस्त्यावर होतो. आमच्या बिल्डिंगमधली किमान दोन लग्नं फडके रोडवर जमलेली आहेत, आणि दोन्ही घरचे अजूनही सांगतात, की स्थळ नातेवाइकांनी सुचवलं.

जुनी मंडळी कुरकुरतात. "हे नुसते फोटो काढायला येतात." कुरकूर अगदीच खोटी नाही. पालखी समोरून जाते आणि निम्मी मान खाली, रील अपलोड होत असतं. ढोल-ताशाबद्दल माझंही मत आहे. पथक समोरून जाताना अंगावर काटा येतो, मान्य. पण तेच पथक एका जागी वीस मिनिटं उभं राहिलं, की शेजारच्या इमारतीतल्या आजोबांचा विचार करायला हवा. पण मला वाटतं, ही नटूनथटून येणारी, नुसतं मिरवायला येणारी गर्दी नसती, तर यात्रा कधीच चार मंडळांची प्रभातफेरी होऊन बसली असती. लोक बघायला आले, म्हणून तर ती टिकली.

खरी अडचण दुसरीच आहे. ढोल वाजवायला हात कमी नाहीत. कमी आहेत ते आधीच्या कामाला. कोणत्या रथाच्या मागे कोण, पाणी कुठे ठेवायचं, रस्त्यावरचा कचरा कोण उचलणार, या बैठका आठवड्याच्या संध्याकाळी होतात. त्या वेळी तुम्ही-आम्ही कुर्ल्याच्या पुढे सिग्नलला अडकलेलो असतो. मग बैठकीला रिटायर्ड काका-काकू. दिसणारी यात्रा तरुण आहे, चालवणारे हात साठीच्या पुढचे आहेत. आणखी दहा वर्षांनी त्या बैठकीत कोण बसणार, हा प्रश्न मला पवईच्या फ्लॅटइतकाच छळतो.

त्यात सुट्टीची भानगड! सरकारी कॅलेंडरमध्ये पाडवा लाल असतो. आमच्यासारख्या कंपन्यांत तो 'ऑप्शनल'. 2023 मध्ये बुधवारी आला, 2024 मध्ये मंगळवारी, म्हणजे रजा टाका नाहीतर झब्ब्यावर आयडी कार्ड अडकवून 9 वाजताची गाडी पकडा. 2025 मध्ये तो 30 मार्चला, चक्क रविवारी आला. त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एकाच सकाळी मला शाळेतली अकरा माणसं भेटली.

दोन वर्षं रिकामा रस्ता

2020 चा पाडवा 25 मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि देशभरातलं लॉकडाऊन नेमकं त्याच दिवसापासून सुरू झालं. सकाळी गॅलऱ्यांत गुढ्या उभ्या होत्या, खाली चिटपाखरू नव्हतं. कडुलिंबाची डहाळी मिळाली नाही म्हणून आईने कढीपत्ता बांधला. लोकल बंद, त्यामुळे डोंबिवलीत रात्री जो एक सततचा धडधड आवाज असतो, तोही नव्हता. 2021 मध्येही मिरवणुकांना परवानगी नव्हती. आणि मग 2022! राज्यातले निर्बंध उठले ते 2 एप्रिलला, तोच पाडवा. त्या सकाळी लोक एकमेकांना बघून नुसते हसत होते. मास्क खिशात होते, काहींनी सवयीने पुन्हा लावले. बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी रस्त्यात बाबांना मिठी मारली.

खादाडी, अर्थातच

पोळी-भाजी केंद्र ही डोंबिवलीची खरी फूड इंडस्ट्री. नवरा-बायको दोघंही 8:05 च्या गाडीला असतात, तिथे रात्रीच्या पोळ्या कोण लाटणार? गल्लोगल्ली दोन-चार बायका मिळून चालवलेलं एखादं छोटं दुकान असतंच. चैत्रात त्यांच्याकडे नोकरदारांची रांग लागते. आमच्या कोपऱ्यावरच्या काकू पाडव्याच्या आधी दोन दिवस फोन उचलत नाहीत. "अगं, चक्का टांगलाय, हात भरलेत. पाव किलो ना? लिहून ठेवते, पण सातच्या आत ये हं, नंतर माझी जबाबदारी नाही." त्यांच्या श्रीखंडात साखर कमी असते आणि जायफळ जरा जास्त. डब्यातल्या ब्रँडेड श्रीखंडाला ती सर नाही, हे माझं मत आणि ते मी बदलणार नाही.

तृतीयेपासून आंब्याची डाळ सुरू होते. हरभऱ्याची भिजवलेली डाळ जाडसर वाटायची (मिक्सर एकदाच फिरवायचा, पीठ झालं की मजा गेली), त्यात कैरीचा कीस, मीठ, साखरेची चिमूट, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी, सुक्या मिरच्यांसकट. सोबत उकडलेल्या कैरीचं गूळ-वेलची घातलेलं पन्हं. लोअर परळच्या एका कॅफेत हेच पन्हं मी 'रॉ मँगो कूलर' म्हणून उंच ग्लासात, पुदिन्याचं पान खोचून प्यायले आहे. किंमत सांगत नाही, काकू वाचतात हे पान.

डाळ-पन्हं मिळण्याचं हक्काचं ठिकाण म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीया ते अक्षय्य तृतीया, पूर्ण महिनाभर कुणाच्या ना कुणाच्या घरी गौर झोपाळ्यावर बसलेली असते. समोर आरास, कापून कमळ केलेलं कलिंगड, दारात चैत्रांगण. ओटीत भिजवलेले हरभरे. हा प्रकार 'आईच्या मैत्रिणींचा' म्हणून मी वर्षानुवर्षं टाळला होता. आता आमच्या सोसायटीत हळदीकुंकू शनिवारी रात्री साडेआठला ठेवतात, गाडीने येणाऱ्या मुलींसाठी. नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून कुणाला बोलवायचं हा जुना हिशोबही आमच्या मजल्यावरच्या दोघींनी गुपचूप बंद करून टाकला. भाषण नाही, फलक नाही. दोघींनी सरळ सगळ्यांची दारं वाजवली, बस.

दुसरी डोंबिवली

'सांस्कृतिक नगरी' म्हणून आपण मिरवतो, 2017 च्या फेब्रुवारीत 90 वं साहित्य संमेलन इथे झालं हेही सांगतो, पण तेव्हा डोळ्यांसमोर असते ती स्टेशनजवळची, टिळकनगरची डोंबिवली. त्याआधीपासून इथे असलेली गावं आगरी-कोळ्यांची. सोनारपाडा, मानपाडा, पिसवली ही नावं आपण रिक्षावाल्याला सांगण्यापुरती वापरतो. चैत्रात तिथे गावदेवीच्या जत्रा असतात, आणि सप्तमी-अष्टमीच्या सुमारास कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा. गल्ल्याच्या गल्ल्या गाड्या करून डोंगराकडे निघतात. ऑफिसमधल्या एका मित्राने घरी जत्रेला बोलावलं होतं. तांदळाची लुसलुशीत भाकरी, झणझणीत मटण, सुक्या जवळ्याची चटणी आणि "आजून घे गो" म्हणत ताटाशी उभी राहिलेली त्याची आजी. मी तिसऱ्या भाकरीला हात जोडले, तर तिला राग आला. स्टेशनपासून रिक्षाने जेमतेम वीस मिनिटांवरची ही डोंबिवली, आणि इथे जन्मून मला ती सत्ताविसाव्या वर्षी दिसली!

नाटक पाहायचं असेल तर सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर आहेच, शनिवार-रविवारी प्रयोग लागतात. तिकीट आधी काढा आणि मध्यंतरात वड्यासाठी पहिल्या मिनिटाला पळा, एवढंच सांगते.

ज्यांना पहिल्यांदा यायचंय, त्यांच्यासाठी: पाडव्याच्या सकाळी गर्दी उलटी असते. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत चक्क बसायला जागा, आणि ठाण्याहून, बदलापुराहून आलेली माणसं डोंबिवलीत उतरतात. सातच्या आत पोहोचा. पूर्वेला बाहेर पडा, गर्दी नेईल तिकडे चाला. गाडी आणू नका, लावायला जागा नाही. उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली हवी. दहानंतर रांगोळीवरून पावलं फिरलेली असतात, तेव्हा फोटो आधी काढून घ्या. आणि बैठकीला यायचं असेल तर आठवडाभर आधी नाही, महिनाभर आधी या. मंदिरात चौकशी केलीत की ते तारीख सांगतात. मी या वर्षी दोन बैठकांना गेले, दोन्ही वेळा उशिरा. काकांनी नाव लिहून घेतलं आणि पाण्याच्या पिंपांचं काम गळ्यात घातलं.

अक्षय्य तृतीयेला गौरी हलतात. त्याच सुमारास शाळांच्या सुट्ट्या लागलेल्या असतात, निम्मी डोंबिवली कोकणात पळते, आणि काकूंच्या फळ्यावरचं श्रीखंड पुसून 'आमरस मिळेल' लिहिलं जातं.