गाळ बसेपर्यंत

बंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या रिंग रोडवरून आत वळलं, की दोन उंच इमारतींच्या मधल्या बोळात पत्र्याचा एक गोठा लागतो. चार गायी. तिथल्या अज्जींकडून आमचं दूध येतं. यंदा पाऊस सरताना त्यातली एक गाय खंगायला लागली. खात होती, तरी बरगड्या दिसू लागल्या. दूध निम्म्यावर आलं. मग एके सकाळी तिच्या जबड्याखाली मऊ सूज लोंबताना दिसली. बोटानं दाबली, तर खळगा तसाच राहिला.

गुरांचे डॉक्टर बोलावले. ते बेळगावकडचे, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच. त्यांनी पापणी उलटून पाहिली. आतला भाग पांढुरका होता. "पर्णकृमी असावेत. पण आधी शेण बघू." जमिनीवर पडलेलं शेण त्यांना नको होतं, मातीतले भलतेच जंत त्यात मिसळतात. हातमोजा घालून त्यांनी ते थेट आतून काढलं.

दवाखान्यात त्यांनी तीन ग्रॅम शेण पाण्यात कालवलं आणि चहाच्या गाळणीतून उभ्या पेल्यात ओतलं. मग पाच मिनिटं थांबले. वरचं गढूळ पाणी हलकेच ओतून दिलं, नवं घातलं, पुन्हा थांबले. असं पाणी निवळेपर्यंत. गोलकृमींची अंडी मिठाच्या दाट पाण्यावर तरंगतात, तेव्हा ती वरून टिपता येतात. पर्णकृमीचं अंडं जड, ते तळाशी जातं. घाई करून पाणी ओतलं, तर त्याच्याबरोबर रोगाचा पुरावाही मोरीत जातो. मला हे थांबणं फार महत्त्वाचं वाटलं.

उरलेल्या गाळात निळ्या रंगाचा थेंब टाकून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. चाऱ्याचा चोथा निळा झाला होता. त्यात एक लांबट, पिवळं, सोनेरी म्हणावं असं अंडं होतं, एका टोकाला बारीक झाकण असलेलं. शेजारी जवळपास तसंच, पण काचेसारखं फिकट दुसरं. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणाऱ्या कृमीचं, डॉक्टर म्हणाले. सोनेरी ते यकृतातल्या फॅसिओला जायगँटिकाचं. तो वाढला की पाच-सात सेंटीमीटरचा, पानासारखा चपटा होतो, पित्तनलिकांत राहून रक्त पितो. रक्तातली प्रथिनं घटतात, पाणी झिरपतं आणि मान खाली घालून खाणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साचतं.

हे कृमी पाण्याकाठच्या गवतातून येतात, पण गाय तर गोठ्यातच बांधलेली. तलावावर जाते कधी?

ती जात नाही, तलावच भाऱ्यातून तिच्याकडे येतो. मारतहळ्ळीत आता गायरान उरलेलं नाही. अज्जींचा मुलगा बेळ्ळंदूर तलावाच्या काठचं गवत पहाटे कापून आणतो. शेणातलं अंडं पाण्यात पडलं की त्यातून पिल्लू निघतं आणि लिम्निया जातीच्या गोगलगायीत शिरतं. तिथे एकाची शेकडो होतात. ती बाहेर पडून पाण्याजवळच्या देठांना चिकटतात आणि भोवती कवच करून वाट पाहत बसतात. मुलगा जे देठ बुडापासून कापतो, नेमके तेच.

"मग चारा आणू कुठून?" अज्जींनी विचारलं. त्यात तक्रार नव्हती, खरोखरीची अडचण होती. तलावाला फेस येऊन आग लागली, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. या गवतावर जगणाऱ्या गायींविषयी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

डॉक्टरांनी चारा बंद करा म्हटलं नाही. विळा पाण्याच्या वर वीतभर चालवायचा. भारा कडक उन्हात पसरून चांगला वाळवायचा. गोठ्याचं शेण तलावाकडच्या नाल्यात सोडायचं नाही. मग छातीचा घेर टेपनं मोजून त्यांनी गायीचं वजन काढलं आणि त्या हिशेबानं ऑक्सिक्लोझानाइड पाजलं. अंदाजानं कमी पाजलं, तर काही कृमी वाचतात. शिवाय हे औषध मोठ्या कृमींनाच मारतं. यकृत पोखरत पित्तनलिकांकडे निघालेली पोरं त्यातून सुटतात, आणि ती वाढून अंडी घालेपर्यंत तीनएक महिने शेण निर्मळच दिसतं.

म्हणून अज्जींनी पत्र्याच्या दारावर खडूनं दुसऱ्या डोसाची तारीख लिहून घेतली. वर छपरावर गवत पसरलेलं होतं. आभाळ भरून आलं, तसा मुलगा ते गोळा करायला शिडीवर चढला.