विमानाच्या पंखावरचा दिवा बदलताना

भिवंडीजवळच्या काल्हेर गावी अंधार पडल्यावर खाडीच्या काठी उभे राहा. मागे भिवंडी-ठाणे रस्त्यावर गोदामांकडे निघालेल्या मालमोटारींची रांग असते. समोर काळे पाणी, आणि वर मुंबईच्या विमानतळाकडे ये-जा करणारे एखादे विमान. अंधारात विमानाचा आकार दिसत नाही. दिसतात ते केवळ दिवे. एवढ्यावरून ते विमान कोणीकडे चालले आहे हे सांगता येईल का? अवश्य येईल, कारण हे दिवे शोभेचे नाहीत. ती एक भाषा आहे.

दिव्यांची भाषा

प्रत्येक विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा असतो. जहाजांवरही हीच पद्धत आहे. विमानांनी ती जहाजांकडूनच घेतली. लाल आणि हिरवा दिवा नाकाच्या सरळ रेषेपासून आपापल्या बाजूला 110 अंशांपर्यंतच दिसावा आणि उरलेल्या 140 अंशांत पांढरा दिसावा, असा नियम आहे. बेरीज करा: 110 + 110 + 140 = 360. वर्तुळ पूर्ण झाले!

आता समजा, तुम्ही वैमानिक आहात. समोर फक्त लाल दिवा दिसला, तर त्या विमानाची डावी बाजू तुमच्याकडे आहे. म्हणजे ते तुमच्या डाव्या हाताकडे चालले आहे. फक्त हिरवा दिसला, तर उजवीकडे. पांढरा दिसला, तर ते तुमच्यापासून दूर जात आहे. आणि लाल व हिरवा दोन्ही एकदम दिसले तर? सावध! ते थेट तुमच्या अंगावर येत आहे.

आणखी एक गंमत पाहा. दोन विमानांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने वाट द्यायची, असा नियम आहे. कागदावर आकृती काढून पाहा. वाट द्यायची असते त्याला समोरच्याचा लाल दिवा दिसतो आणि दुसऱ्याला हिरवा! म्हणून रंगात वा कोनात झालेली लहानशी चूकही जिवावर बेतू शकते.

तारेचा दिवा

बारामती, धुळे, गोंदिया येथे वैमानिकांच्या प्रशिक्षणाची लहान विमाने उडतात. अशा प्रकारच्या जुन्या विमानांत या तीन जागी तारेचे बल्ब असत. आत टंगस्टनची तार तापून पांढरट-पिवळी होते आणि रंग मिळतो तो वरच्या रंगीत काचेतून. लाल काच लाल सोडून बाकीचे रंग शोषून घेते. आधीच अशा बल्बच्या विजेचा सुमारे 5 टक्के भागच दृश्य प्रकाशात उतरतो, बाकीची उष्णता होते. त्या प्रकाशातलाही मोठा हिस्सा काच गिळते.

हिशेब करू. प्रत्येक बल्ब 26 वॅटचा धरला, तर तिघांचे 78 वॅट झाले. विमानातील वीज 14 व्होल्टची असेल, तर 78 ÷ 14 म्हणजे सुमारे साडेपाच अँपिअर प्रवाह लागतो. रात्री वीज निर्माण करणारे यंत्र बंद पडले, तर सगळा भार बॅटरीवर येतो. ती 25 अँपिअर-तासांची धरली, तर नुसते दिवेच तिला साडेचार तासांत रिकामी करतील. रेडिओ आणि इतर उपकरणांचा वाटा वेगळाच. हेच काम 20 वॅटमध्ये झाले, तर प्रवाह सुमारे दीड अँपिअरवर येतो. शिवाय इंजिनाच्या हादऱ्यांनी तुटायला एलईडीत तारच नसते.

एलईडीचा रंग कोठून येतो?

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा अर्धवाहक स्फटिक. त्यात इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीतून खालच्या रिकाम्या जागी उतरतो आणि मधल्या फरकाची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. हा फरक पदार्थावर अवलंबून असतो, म्हणून रंगही ठरलेला असतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी 1962 साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केला. तेजस्वी निळा एलईडी मात्र 1990 नंतरच्या दशकात जपानमध्ये साधला. त्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना 2014 चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणारा लेप दिला की पांढरा एलईडी तयार होतो.

मग नुसता बल्ब बदलला तर?

येथेच फसगत होते. पहिली अडचण रंगाची. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा भरपूर, पण गडद लाल थोडा असतो. तो लाल काचेमागे ठेवला, तर दिवा मंद होतो. हिरव्या बाजूची जुनी काच तारेचा पिवळसरपणा गृहीत धरून मुद्दाम निळसर-हिरवी केलेली असते. तिच्यामागे पांढरा एलईडी निळ्याकडे झुकतो. म्हणून लाल जागी लाल आणि हिरव्या जागी हिरवाच एलईडी हवा.

दुसरी अडचण दिशेची. तार चोहोबाजूंनी प्रकाश देते, एलईडी प्रामुख्याने समोर. मोटारीच्या जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब बसवला की प्रकाश भलतीकडे फाकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. काल्हेरच्या रस्त्यावर हा अनुभव तुम्हाला आला असेल. विमानात समोरच्या 10 अंशांत किमान 40 कँडेला आणि बाजूला किमान 5 कँडेला तीव्रता लागते. ही विभागणी बिघडून कशी चालेल?

तिसरी अडचण आवाजाची. पण कानाला ऐकू येणाऱ्या नव्हे! एलईडीला योग्य प्रवाह देणारे मंडल सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. ते निकृष्ट असेल, तर 118 ते 137 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या वैमानिकाच्या रेडिओत खरखर मिसळते. चौथी अडचण म्हातारपणाची. तार तुटली की दिवा विझतो आणि कळतो. एलईडी मात्र वर्षानुवर्षे हळूहळू मंद होतो. लागलेला दिसतो, पण पुरेसा लागलेला नसतो.

म्हणून विमानात नुसता बल्ब न बदलता रंग, कोन, तीव्रता आणि रेडिओवरील परिणाम तपासून मंजूर झालेला संपूर्ण दिवा बसवतात, तोही परवानाधारक अभियंत्याकडून.

करून पाहा

तारेच्या बल्बची एक जुनी विजेरी आणि एक एलईडीची विजेरी घ्या. दोन्हींवर पाळीपाळीने लाल जिलेटिन कागद लावा आणि अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रकाश पाडा. कोणाचा लाल ठसठशीत दिसतो? मग कागद काढून दोन्हींचा प्रकाश जुन्या सीडीवर तिरपा पाडा आणि वर्णपट ताडून पाहा. कोणत्या पट्ट्यात कोणता रंग कमी आहे, याची वहीत नोंद करा. मात्र विजेरी किंवा लेझर आकाशातील विमानावर कधीही रोखू नका. वैमानिकाचे डोळे दिपतात.

त्याच रात्री खाडीकाठी जाऊन एका विमानाचे दिवे वाचा. ते डावीकडे जाणार की उजवीकडे, हे आधी सांगा आणि मग ते खरे ठरते का पाहा.